राज्यसभेतल्या खासदाराचे मत: समज आणि नोंद

आपल्या राज्याचा खासदार राज्यसभेत कोणत्या विधेयकाच्या बाजूने होता आणि कोणत्याच्या विरोधात, हे कुठेतरी ओळीने लिहून ठेवलेले असणार, असे बहुतेक मतदार धरून चालतात. 'यांनी तर त्या कायद्याला मत दिले होते' असे आरोप सभांमधून इतक्या ठामपणे होतात की हा समज पक्काच होऊन बसतो. वस्तुस्थिती अशी की बहुतेक साधी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. चर्चा संपते, मंत्री उत्तर देतात, पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात. बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात आणि कोणता आवाज मोठा हे ऐकून निकाल जाहीर होतो. कोण काय म्हणाले, हे नावानिशी कुठेच लिहिले जात नाही. एखाद्या सदस्याने त्या निकालाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तरच घंटा वाजते, लॉबी रिकामी होते, दारे बंद होतात आणि सदस्य आपापल्या जागेवरून बटण दाबतात: बाजूने असेल तर हिरवे, विरोधात असेल तर लाल, तटस्थ राहायचे असेल तर पिवळे. फलकावर आकडे उमटतात, ते 'दुरुस्तीच्या अधीन राहून' वाचले जातात आणि ज्यांचे बटण चुकले त्यांच्या चिठ्ठ्या धरून यादी पक्की होते. घटनादुरुस्तीच्या वेळी मात्र मोजणी टळत नाही. तिथे हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, म्हणजे २४५ जागांच्या सभागृहात किमान १२३ मते लागतात. हे कानाने ठरवता येत नाही.

'निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, मग मोजणीत वेळ कशाला घालवायचा?' असे यावर विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर २० सप्टेंबर २०२० च्या कामकाजात आहे. त्या दिवशी तीन कृषी विधेयकांपैकी दोन राज्यसभेत आली. विरोधकांनी ती प्रवर समितीकडे पाठवा म्हणून दुरुस्त्या मांडल्या आणि मतविभागणी मागितली. उपसभापती हरिवंश यांनी आवाजी मतदान घेऊन विधेयके मंजूर झाल्याचे जाहीर केले. मतविभागणी सदस्याने आपल्या जागेवरून मागायची असते; तशी मागणी जागेवरून झालीच नव्हती, असे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे. जागेवरून झाली होती, असे विरोधकांचे. दुसऱ्या दिवशी गोंधळाबद्दल आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत महाराष्ट्राचे राजीव सातव होते. पुढे वर्षभर आंदोलन चालले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात मागे घेतले. सरकारकडे त्या दिवशी बहुमत होते असे मानले, तरी एक गोष्ट उरतेच. महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ खासदार आहेत, गोव्याचा एक. शेतकऱ्याच्या बाजारपेठेचे नियम बदलणाऱ्या कायद्यावर या वीस जणांपैकी कोण कोणत्या बाजूला होते, हे मतांच्या नोंदीवरून आज कोणालाही सांगता येणार नाही, कारण तशी नोंदच नाही. मोजणीला लागणारी काही मिनिटे वाचली खरी, पण शेतकऱ्याला आपल्या प्रतिनिधीला जाब विचारता येईल असा कागद तयारच झाला नाही.

जिथे मतांची नोंद होते, तिथे तरी ती वाचली की खासदार कळला असे होते का? हा दुसरा आणि जास्त दिशाभूल करणारा समज. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. ते एकमेव विरोधी मत महाराष्ट्रातून गेलेल्या शरद जोशी यांचे. नुसती यादी पाहणारा म्हणेल, सबंध सभागृहात महिलांच्या विरोधातला एकच माणूस. पण हेच जोशी शेतकरी संघटनेचे नेते म्हणून १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणारे आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करून द्यायला लावणारे. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीवर होता. त्या विधेयकात राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते राहणार होते. आज राखीव असलेला मतदारसंघ पुढच्या वेळी राखीव नसेल, मग निवडून आलेल्या बाईने तो बांधायचा कशासाठी आणि तिच्या जागी येऊ पाहणाऱ्याने तरी तिथे काम का करायचे, असा त्यांचा सवाल होता. सप्टेंबर २०२३ मध्ये जो महिला आरक्षण कायदा झाला, त्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत, त्या मतदारसंघांच्या दर पुनर्रचनेनंतर फिरतात. हा बदल जोशींमुळे झाला असे म्हणण्याला आधार नाही. पण २०१० साली ज्या तरतुदीला एकाच माणसाने नोंदवून विरोध केला, ती त्या रूपात पुढे टिकली नाही, एवढे खरे आहे. २०२३ मध्ये राज्यसभेत बाजूने २१४ मते पडली, विरोधात एकही नाही.

२०१० ची तीच यादी आणखी एका बाजूने अपुरी आहे. त्या विधेयकाला कडाडून विरोध करणारे समाजवादी पक्ष आणि राष्ट्रीय जनता दल 'नाही'च्या रकान्यात दिसतच नाहीत. आदल्या दिवशीच्या गोंधळाबद्दल सात सदस्य निलंबित झाले, मार्शल बोलावून त्यांना बाहेर काढावे लागले. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला. तृणमूल काँग्रेस मतदानापासून दूर राहिली. म्हणजे खरा विरोध सभागृहाच्या बाहेर गेला आणि नोंदीत एक मत उरले. गैरहजेरी आणि सभात्याग यांचा अर्थ लावल्याशिवाय राज्यसभेतले मतदान वाचताच येत नाही. तिहेरी तलाकचे विधेयक ३० जुलै २०१९ रोजी ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झाले, तेव्हा सत्ताधारी आघाडीकडे स्वतःचे बहुमत नव्हते. संयुक्त जनता दल आणि अण्णाद्रमुक यांनी विधेयकाविरुद्ध भाषणे केली, पण मत देण्याऐवजी ते बाहेर पडले. इतरही काही जण आले नाहीत. निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो, त्यामुळे विरोधकाने बाहेर जाणे विधेयकाला मदतच करते. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि राज्यसभेत मतदानातच भाग घेतला नाही. महाराष्ट्रातली सत्तेची समीकरणे नुकतीच बदलली होती, हे माहीत असल्याशिवाय या दोन नोंदी एकत्र वाचता येत नाहीत.

खासदार आपल्या मनाने मत देतो, हाही समजच. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षाचा व्हिप मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. किहोतो होलोहन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. मात्र सदस्यत्व घालवू शकणारा आदेश सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न किंवा पक्षाचे मुख्य धोरण पणाला लागलेले असताना काढावा, असे मतही दिले. प्रत्यक्षात व्हिप किरकोळ विधेयकांवरही निघतात. म्हणून नोंदलेले मत हे बहुतेक वेळा पक्षाचे मत असते. जोशी वेगळे मत देऊ शकले, याचे एक साधे कारण असे की ते आपल्या पक्षाचे राज्यसभेतले एकटेच सदस्य होते.

मताऐवजी मग लोक हजेरीचा आणि प्रश्नांचा आकडा धरतात. हजेरीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. मंत्री हजेरीपटावर सहीच करत नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा नसतो. बाकीच्यांची सही ते सभागृहात किती वेळ बसले हे सांगत नाही. मात्र अगदीच कमी हजेरी बोलकी असते. राष्ट्रपतिनियुक्त सचिन तेंडुलकर यांची २०१२ ते २०१८ या काळातली हजेरी दहा टक्क्यांच्याही खाली होती, आणि त्यावर झालेली टीका योग्यच होती. प्रश्नांचा आकडा जास्त फसवा. राज्यसभेत दिवसाला १५ तारांकित आणि १६० अतारांकित प्रश्न घेतले जातात. सूचना त्याहून बऱ्याच जास्त येतात आणि कोणाचे प्रश्न लागायचे हे सोडतीने ठरते. ढीगभर सूचना पाठवणाऱ्याचा आकडा आपोआप वाढतो. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढले गेले, त्यांत एक राज्यसभेचा होता. ते प्रश्नही कुणाच्या तरी 'कामगिरी'त मोजले गेले असतेच. प्रश्न काय होता, तोंडी उत्तरानंतर पूरक प्रश्नात मंत्र्याला कुठे अडवले, हे कार्यवृत्त उघडून वाचावे लागते. त्याला पर्याय नाही.

ज्या कामाची बातमी सहसा होत नाही, ते समित्यांचे. विभागीय स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. तिथे बंद दाराआड सचिवांची झाडाझडती होते आणि व्हिप चालत नाही. बैठकीत कोण काय बोलले हे बाहेर येत नाही, पण अहवालाशी असहमत असलेल्या सदस्याची टिपणी त्याच्या नावाने छापली जाते. एका खासदाराचे स्वतःचे मत शोधायचे असेल, तर मला ही टिपणी आवाजी मतदानापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये वक्फ विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या अहवालात विरोधी टिपण्यांतला काही मजकूर वगळल्यावरून राज्यसभेत मोठा गदारोळ झाला आणि तो मजकूर नंतर जोडला गेला. इतका आग्रह त्यासाठी धरला गेला, यातच त्या पानांचे महत्त्व दिसते. खासगी विधेयकांचेही असेच आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, म्हणून ती मांडणे वाया जाते असे म्हणतात. पण तमिळनाडूचे तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेने एप्रिल २०१५ मध्ये मंजूर केले. लोकसभेत ते अडकले, तरी सरकारला त्या विषयावर स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि २०१९ साली कायदा झाला. तो शिवांच्या विधेयकाइतका उदार नव्हता, तरी विषय पटलावर आणण्याचे श्रेय त्यांचेच.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. मत पक्षाच्याच हुकमाने पडत असेल, तर प्रत्येक विधेयकावर मतविभागणी घेऊन मिळणार काय? उलट नावानिशी नोंदीमुळे व्हिप जास्तच घट्ट होईल. आवाजी मतदानात निदान मनातून विरोध असलेल्याला गप्प बसता येते. ही भीती खोटी नाही. पण त्या गप्प बसण्याचा उपयोग सदस्याला होतो, ज्यांच्या वतीने तो तिथे बसला आहे त्यांना होत नाही. शिवाय पक्षाने आपल्या लोकांना कोणत्या कायद्याच्या बाजूने उभे केले, ही माहितीही मतदाराच्या हक्काचीच आहे. आणि व्हिप मोडणे म्हणजे सदस्यत्वाचा शेवट असेही नाही: पक्षाने पंधरा दिवसांच्या आत ते मत माफ केले तर कारवाई होत नाही, अशी सोय दहाव्या परिशिष्टातच आहे. पक्षाच्या विरोधात मत जाऊ शकते आणि ते खपवून घेतले जाऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेले होते. ते कधी, कोणी आणि कोणत्या कायद्यावर केले, हे कळायला आधी मत नावानिशी नोंदले जायला हवे.