टर्बो आधी की हिशेब आधी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने घरात एक घोषणा केली. वडिलांनी अनेक वर्षे वापरलेली १.३ लिटरची पेट्रोल गाडी आता त्याच्या ताब्यात आली होती, आणि तिला तो टर्बो बसवणार होता. पोरगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जुन्या बाजारातून एका डिझेल गाडीचा टर्बो त्याने आणलाही होता. नारळाएवढी ती लोखंडी गोगलगाय आठवडाभर आमच्या ताईच्या ओट्याखाली पडून होती. ताईने एकच प्रश्न विचारला, "एकूण खर्च किती रे?"

"टर्बो सात हजारांत मिळाला," तो म्हणाला.

हे तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले. खंबाटकीच्या चढावर गाडी पाच मिनिटे अक्षरशः उधळली. मग खडखडाट झाला, मागे निळा धूर पसरला आणि गाडी दोरीने ओढून आणावी लागली. मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा एका पिस्टनची कड मेणासारखी वितळलेली होती. "टर्बोचा काही दोष नाही," मिस्त्री म्हणाला, "याला जेवायला वाढलंच नाही तुम्ही."

त्या एका वाक्यात सारे मर्म आहे. टर्बो ही काही नवी गोष्ट नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनीअरने १९०५ सालीच तिचे पेटंट घेतले होते. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरते, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवेचा दाब वातावरणाच्या दीडपट झाला, की इंजिनाच्या पोटात जवळजवळ दीडपट हवा जाते. पण हवा जाळून ताकद मिळत नाही, पेट्रोल जाळून मिळते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बोचा जोर असताना तर त्याहून अधिक पेट्रोल द्यावे लागते, साधारण १२ ला १ या प्रमाणात, म्हणजे आतली उष्णता आटोक्यात राहते. शिवाय ठिणगीही थोडी उशिरा पाडावी लागते. नाही तर मिश्रण अवेळी, आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनचा खरा वैरी तोच.

हा हिशेब ठेवतो गाडीतला छोटा संगणक, म्हणजे ईसीयू. साध्या गाडीच्या ईसीयूला वातावरणापेक्षा जास्त दाबाची कल्पनाच दिलेली नसते. त्याचा दाब मोजणारा सेन्सर तिथवर पोचून थांबतो. त्यापुढे कितीही हवा आली तरी तो जुन्याच मापाने पेट्रोल वाढत राहतो. भाच्याच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

ही चूक केवळ हौशी पोरांचीच आहे असे नाही. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोची मोटार बाजारात आणली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती. टाकी भरत राहणे मालकांच्या लक्षात राहीना. वर्ष-दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि अनेकांनी टर्बो काढूनच टाकला. टर्बो घरगुती गाडीत खऱ्या अर्थाने नांदू लागला तो १९८० च्या दशकात. नॉकिंगची चाहूल घेऊन दाब आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्वीडनच्या साबने तेव्हा आणली. चक्र जुनेच होते. मेंदू नवा मिळाला.

मग बेताच्या पैशात हा मेंदू कसा मिळवायचा? जगभरचे हौशी लोक चार वाटांनी जातात.

पहिली वाट सर्वांत स्वस्त. दाब वाढला की पेट्रोलच्या नळीतला दाबही वाढवणारा रेग्युलेटर बसवायचा, ईसीयूला हात लावायचा नाही. पण पेट्रोल दुप्पट हवे असेल तर दाब चौपट करावा लागतो, आणि तिथे पंप दमतो. ठिणगीची वेळ तर तशीच राहते. अगदी थोड्या दाबापुरताच हा उपाय.

दुसरी वाट पिगीबॅकची. सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे एक डबी बसते आणि निरोप बदलून पुढे पाठवते. तात्पुरते काम भागते. पण मूळ ईसीयू हा जुन्या मुनीमजींसारखा. कुठे तफावत दिसली की तो आपल्या परीने दुरुस्ती करू लागतो, आणि दोघांची ओढाताण होते.

तिसरी वाट मूळ ईसीयूचेच कोष्टक नव्याने लिहिण्याची. मोठे इंजेक्टर आणि जास्त दाब मोजणारा सेन्सर लावून ते जमले, तर याहून सुखाची गोष्ट नाही. सकाळचे थंड स्टार्टिंग, एसी, चोरीविरोधी कुलूप, सारे पूर्ववत चालते. अडचण एवढीच, की आपल्या गाडीचा ईसीयू कोणी तरी आधी उलगडलेला असावा लागतो.

चौथी वाट स्वतंत्र ईसीयूची. बोलिंग आणि ग्रिपो या दोन अमेरिकन इंजिनीअरांनी २००१ साली 'मेगास्क्वर्ट' हा स्वतः जोडायचा संच आणला, आणि महागडी विद्या सामान्यांच्या टेबलावर आली. पुढे आर्डुइनोवर चालणारा 'स्पीडुइनो' त्याहूनही स्वस्तात आला. पण विकत मिळते ती कोरी वही. सोळा ओळी, सोळा रकाने, असे २५६ चौकोन पेट्रोलसाठी आणि तितकेच ठिणगीसाठी. ते आपणच भरायचे. परदेशातले तयार कोष्टक उचलून चालत नाही. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याला हवेचे प्रमाण निराळे लागते. पैसे वाचतात, पण संध्याकाळी खर्च होतात.

वाट कोणतीही घ्या, एक वस्तू टाळता येत नाही: वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. गाडीतला साधा सेन्सर मिश्रण पातळ की दाट एवढेच सांगतो; वाइडबँड नेमका आकडा सांगतो. तो नसताना दाब वाढवणे म्हणजे मीठ न चाखता पंगत वाढणे.

आणि आता ती गोष्ट, जी आम्ही घरातल्या मोठ्यांनी आधीच विचारायला हवी होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. घाटात त्या दिवशी पिस्टनऐवजी दुसरे काही गेले असते तर? विमा कंपनीपुढे आम्ही कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो? ज्याला रस्त्यावर टर्बोच हवा, त्याने कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली जुनी गाडी पाहावी. टाटांची झेस्ट २०१४ पासून टर्बो पेट्रोल इंजिनासह मिळू लागली, आणि नंतर तशा अनेक आल्या. बाकीची हौस शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर भागवावी.

भाच्याची गाडी आता पूर्ववत आहे. टर्बो निघाला, पिस्टन नवे बसले. त्याचे पैसे तो शिकवण्या घेऊन ताईला फेडतो आहे. पण हौस मेलेली नाही. मित्रांबरोबर, फक्त ट्रॅकसाठी, एक भंगारातले इंजिन तो पुन्हा उभे करतो आहे. परवा त्याने ताईसमोर कागद ठेवला. यादीत सर्वांत वर वाइडबँड सेन्सर, मग ईसीयू, इंजेक्टर, पंप. टर्बो सर्वांत शेवटी.

ताईने चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि तळाची रिकामी जागा बोटाने दाखवून म्हणाली, "इथे बेरीज लिही."