तराजूची साक्ष कोण देणार?

मागच्या व्याख्यानात आपण मोजणं आणि जाणणं यांतला फरक पाहिला. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ.

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. दारू मोजतात ती ग्रेनमध्ये. आपल्या सोनाराची गुंज म्हणजे मुळात एक बी, तसाच ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आज तो सुमारे ६४.८ मिलिग्रॅम धरतात. दांडीच्या चांगल्या तराजूवर त्याचाही दहावा भाग वाचता येतो. दारू प्रमाणाबाहेर गेली, तर दाब वाढून बंदूक हातातच फुटू शकते.

मग असा तराजू निवडायचा कसा? बारीक रेघा पाहून आपण भुलतो. तीनदा तेच वजन केलं, तीनदा तोच आकडा आला, की आपण खूश! पण खोटं बोलणारा माणूसही तेच तेच सांगतो की. सातत्य म्हणजे अचूकता नव्हे.

म्हणून आधी दांडी टेकते ती धार पाहायची. ती तीक्ष्ण आणि स्वच्छ हवी. दांडी किंचित हलवली, तर काटा पुन्हा शून्यावरच यायला हवा. चुंबकामुळे झोके लवकर थांबतात, पण त्यानं फक्त वेळ वाचतो. मग प्रमाणित वजन ठेवून पाहायचं, तेही जेवढी दारू भरायची तेवढ्याच्या आसपासचं. कारण शून्यावर बरोबर असलेला तराजू पुढे चुकू शकतो.

तराजूला स्वतःची साक्ष देता येत नाही. आपल्या ठाम मतांना तरी ती कुठे देता येते?