इंजिनाचे चार ठोके

वाफेचे इंजिन 'भक भक' करते हे तुम्हाला बालवाडीपासून ठाऊक आहे. पण हे ठोके मोजायचे असतात. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाची एक फेरी पुरी होईतो बरोबर चार ठोके पडतात. दोन बाजूंना दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दट्ट्याला आळीपाळीने पुढून आणि मागून ढकलते, आणि दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात. म्हणून ठोके सारख्या अंतराने पडतात. एखादा ठोका लंगडू लागला, की इंजिन न उघडताच फिटर ओळखत असे : झडप बिघडली.

बडोद्याच्या मुलांना हा विषय परका वाटू नये. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात डभोई–मियागाम मार्ग झाला, तेव्हा गाडी बैल ओढत. वाफेची इंजिने नियमित धावू लागली ती नंतर.

आता झडपेचे काम पाहू. ती दारवानासारखी वाफेला आत सोडते आणि काम झाले की बाहेर काढते. दट्ट्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधीच ती उघडू लागते. दट्ट्या अगदी टोकाला असताना झडप जेवढी उघडी असते, तिला 'लीड' म्हणतात. ही फट काही मिलिमीटरचीच, पण पुढे आणि मागे सारखी नसेल तर ठोके बिघडतात आणि कोळसा फुकट जळतो.

लीड मोजायची, तर दट्ट्या नेमका टोकाला आणायला हवा. खरी गंमत इथे आहे. टोकाजवळ चाक बरेच फिरले तरी दट्ट्या जेमतेम हलतो. नुसत्या डोळ्यांनी ते टोक कधीच सापडणार नाही. म्हणून फिटर उलट वाटेने जातात. टोक यायच्या थोडे आधी इंजिन थांबवून क्रॉसहेडची जागा पट्टीवर आखून घेतात आणि चाकाच्या कडेवरही खूण करतात. मग चाक पुढे फिरवायचे. दट्ट्या टोकाला जाऊन परत येतो आणि क्रॉसहेड पुन्हा त्याच रेघेवर येतो. तेव्हा चाकावर दुसरी खूण. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे 'डेड सेंटर'. भूमितीत कंसाचा मध्य काढायला कंटाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे! दोन्ही बाजूंची मिळून अशी चार स्थाने काढावी लागतात.

समजा पुढची लीड ५ मिलिमीटर आणि मागची ३ निघाली. फरक २ चा, पण झडप सरकवायची फक्त १ मिलिमीटर; एका बाजूची जेवढी कमी होते तेवढी दुसरीकडे वाढते, आणि दोन्हीकडे ४ होतात.

ठोके सारखे असूनही इंजिनात जोर नसेल, तर वाफ गळते आहे. झडप मध्यावर ठेवून, ब्रेक लावून थोडी वाफ सोडतात. सिलिंडरचे निचऱ्याचे कॉक उघडे असतात. त्यांतून वाफ आली तर दोष झडपेत. मग दट्ट्याच्या एका बाजूला वाफ द्यायची. ती दुसऱ्या बाजूच्या कॉकमधून निघाली, तर दट्ट्याच्या बिडाच्या रिंगा गेल्या. कधी रिंग बदलून भागत नाही. दट्ट्याच्या भाराने सिलिंडर तळाशी जास्त झिजतो आणि त्याची गोलाई जाते. म्हणून व्यास उभा आणि आडवा, दोन्ही मोजतात. फरक जास्त असला की आतून पुन्हा कातून घेतात किंवा आत नवे अस्तर बसवतात.

हे निचऱ्याचे कॉक क्षुल्लक समजू नका. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते आणि पाणी दाबले जात नाही. ते न काढता इंजिन हाकले, तर दट्ट्या आणि झाकण यांमध्ये पाणी अडकून जाड बिडाचे झाकणही फुटते. गाडी निघताना दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे उडताना सिनेमात दिसतात, ते याचसाठी.

हे ज्ञान केवळ संग्रहालयात गेलेले नाही. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०११ पासून वाफेची नवी इंजिने बांधली. त्यांच्याही झडपा कोणाला तरी जुळवाव्या लागतातच. पालकहो, मुलांना घेऊन जुने इंजिन पाहायला गेलात, तर फोटो काढून झाल्यावर चाकाजवळचे दांडे एकेक करून मागे सिलिंडरपर्यंत शोधत जा. कोणता दांडा चाक फिरवतो आणि कोणता झडप हलवतो, हे मुलांनाच सांगू द्या.