खाली दुकान, वर घर

झाशीच्या सीपरी बाजारात ३ जुलै २०२३ रोजी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांना आग लागली. चार जण दगावले. आग आटोक्यात आणायला लष्कराची मदत घ्यावी लागली. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि येण्याजाण्याला एकच जिना, ही आपल्याही जुन्या पेठांची घडण. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरचं शिलाईचं दुकान पेटलं आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पुन्हा तेच. पुन्हा एका घरातले सात, त्यात लहान मुलंही.

अशा घरात रोजची वाटच आधी बंद होते. तापलेला धूर वर चढतो आणि जिन्याचं धुराडं होतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. ज्वाळा पोचण्याआधीच माणसाची शुद्ध हरपते. म्हणून दुसरी वाट आजच शोधून ठेवा. दाटीच्या वस्तीत ती बहुधा गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाते. पण त्या दाराला कुलूप असतं, आणि किल्ली कपाटातल्या जुडग्यात! ती दाराशेजारीच खिळ्याला अडकवा, पोरांचा हात पोचेल इतक्या उंचीवर. कुलूप गंजलं असेल तर बदला. मग एका रात्री दिवे घालवून सगळ्यांनी चाचपडत गच्ची गाठून बघा. कठडा आजीला ओलांडता येतो का? तिचा हात कोणी धरायचा? तान्ह्याला कोणी उचलायचं? हे नावानिशी ठरलेलं असावं. शेजाऱ्यांशीही बोलून ठेवा.

जिन्यात धूर भरलेला असेल तर मात्र गच्चीचाही नाद सोडायचा. रस्त्याकडची खोली गाठून दार लावून घ्यायचं, फटीत ओल्या चादरी कोंबायच्या, जमिनीलगत राहायचं आणि खिडकीतून हाका मारायच्या. त्या खिडकीला चोरांच्या भीतीनं पक्की जाळी ठोकलेली असेल, तर लोहाराकडून तिचा एक भाग आतून उघडेल असा करून घ्या. या एका खर्चात काटकसर नको.

बाहेर पडल्यावर समोरच्या ठरल्या जागी जमून माणसं मोजायची आणि लगेच १०१ किंवा ११२ लावायचा. कुणी राहिलं असेल, तर कोणत्या खोलीत ते जवानांना सांगायचं. आपण परत आत शिरायचं नाही.