दोघी प्रीमियरच्या, माहेर तुरीनचं

पिरंगुटला एका मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन इटालियन गाड्या शेजारीशेजारी उभ्या असतात. इटालियन म्हटल्यावर पाहुणे फेरारीच्या आशेने आत येतात आणि समोर प्रीमियर पद्मिनी नि ११८ एनई बघून हसतात.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९५४ च्या सुमारास तिथे तुरीनच्या फियाटची ११०० आली. तिच्या गुबगुबीत पहिल्या अवताराला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. मग डिलाइट, फियाटशी करार संपल्यावर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी. बारशी बदलली, पोर तीच. मागचे छोटे पंख तसेच, इंजिन १०८९ सीसीचं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, एवढी तिची मिजास.

११८ एनई आली १९८५ साली. अंगकाठी फियाट १२४ ची. ती गाडी १९६७ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’, रशियात तिचीच झिगुली झाली. आपल्याकडे मात्र तिच्या पोटात ११७१ सीसीचं निसान इंजिन बसवलं. ‘एनई’ म्हणजे तेच. तोवर मारुती ८०० रस्त्यावर येऊन वर्ष उलटलं होतं. मुहूर्तच चुकला.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला. दांडा नेमका कुठे अडतो हे डाव्या हाताला कळायला महिना जातो. कळलं की मग पुढच्या सलग सीटवर तिघं बसली तरी अडचण नाही. ११८ चा गिअर खाली जमिनीवर, चढावर तिला दम लागत नाही. एप्रिलच्या उन्हात ताम्हिणी घाटातून परतताना जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांच्या नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि पंप नुसता फुरफुरतो. मेकॅनिक लोकांचा इलाज ठरलेला: बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, चहा घेऊन या. मुळशीच्या धरणाचा काठ त्यासाठी बरा, फडकं ओलं करायला पाणी हाताशी.

जमवणाऱ्यांचा कल मात्र पद्मिनीकडेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा कधी तिच्यात न बसलेलेही हळहळले. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपातली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये त्या वयाला पोचल्या. ११८ ला २०३५ उजाडेल. त्यात तिचं काळीज जपानी, म्हणून शुद्धतावाले नाक मुरडतात. मला हे पटत नाही. घाटात चालवायला दोघींतली शहाणी तीच.

मित्राला हे कबूल नाही. भिंतीवर फोटो फक्त पद्मिनीचे. पण गेल्या श्रावणात ताम्हिणीला निघताना त्याने खिळ्यावरून किल्ली काढली ती ११८ ची.

“पावसात हिला कशाला?” पद्मिनीवर ताडपत्री ओढत तो म्हणाला. “पत्रा गंजतो.”