नवे मशीन, जुना कर्नल

लिनक्सचे नाव आपल्या भागात झाले ते जुन्या संगणकांमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला, तेव्हा विंडोज ११ न चालणारे कितीतरी संगणक अडगळीत जायच्या बेतात होते. त्यांतल्या बऱ्याच संगणकांवर लिनक्स मिंट पडले आणि ते पुन्हा कामाला लागले. हे पाहिलेल्या माणसाचा हिशेब सरळ असतो. दहा वर्षांच्या डबड्यावर हे एवढे पळते, तर कोऱ्या लॅपटॉपवर काय पळेल! मग कोरा लॅपटॉप घरी येतो, त्यावर लिनक्स पडते, आणि साधी विंडो इकडून तिकडे सरकवली तरी ती अडखळत सरकते. पंखा घोंगावतो. यूट्यूब दाणे टाकल्यासारखे चालते.

दहापैकी नऊ जण इथे एकच सल्ला देतात : ‘रॅम वाढव, नाहीतर फॉरमॅट मार.’ दोन्हींत पैसा आणि रविवार जातो, दुखणे तिथेच राहते. कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीच कमी नसते. कमी असते ती त्या मशीनची ओळख, आणि ती लिनक्सला अजून झालेली नसते.

जुन्या संगणकाचा प्रत्येक भाग कर्नलला वर्षानुवर्षे माहीत असतो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअरशी थेट बोलणारा. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्सने त्याची पहिली वाच्यता केली. आज साधारण नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत नव्या चिपांची ओळख भरलेली असते. पण आपण पेनड्राइव्हवरून टाकतो ते उबुंटू किंवा डेबियन एका ठरावीक कर्नलवर गोठवलेले असते. उबुंटू २२.०४ आले ५.१५ कर्नल घेऊन, २४.०४ आले ६.८ घेऊन. डेबियन १२ जून २०२३मध्ये ६.१ घेऊन आले, आणि डेबियन १३ ऑगस्ट २०२५मध्ये ६.१२ घेऊन. त्यात पेनड्राइव्ह मित्राचा, म्हणजे आणखी वर्षभर शिळा. यंदा बाजारात आलेली चिप त्या कर्नलने ऐकलेलीही नसते.

आमच्या रहिमतपुरात रणदुल्लाखानाच्या दर्ग्याच्या परिसरात पाणी वर ओढण्यासाठीचा जुना बुरूज आहे. सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे, ती हत्तीकडून पाणी ओढून घेण्याची जागा म्हणून. नव्या लॅपटॉपवर जुना कर्नल म्हणजे त्या बुरुजावर हत्ती उभा करायचा आणि मोट मात्र बैलाची बांधायची. हत्तीत दोष नाही, मोटेतही नाही.

हे केवळ म्हणण्यापुरते नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर नोव्हेंबर २०२१मध्ये आले. त्यांत दोन जातींचे कोर होते : काही दांडगे, काही काटकसरी. कोणते काम कोणत्या कोरला द्यावे याचा इशारा प्रोसेसर स्वतः देतो. तो इशारा वाचायची सोय कर्नलमध्ये ५.१८पासून, म्हणजे मे २०२२पासून येऊ लागली. पण उबुंटू २२.०४ त्याच्या महिनाभर आधी, ५.१५ घेऊन बाहेर पडले होते. एएमडीचेही तसेच. त्यांच्या प्रोसेसरचा वेग बारकाईने सांभाळणारा नवा ड्रायव्हर ५.१७मध्ये शिरला, ६.३मध्ये सुधारला आणि ६.५मध्ये, म्हणजे २०२३मध्ये, नव्या मशीनवर आपोआप चालू होऊ लागला. चिप बाजारात येते तेव्हा विंडोजची बाजू कंपनी आधीच तयार ठेवते. लिनक्सची बाजूही हल्ली वेळेवर लिहिली जाते, पण ती आपल्या पेनड्राइव्हपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

एक लॅपटॉप तपशिलात सांगतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी सांगलीच्या वालचंद कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली ती नवा लॅपटॉप घेऊन. ‘काका, बघा ना, टर्मिनल उघडायलासुद्धा वेळ लावतोय. दुकानदार म्हणतो लिनक्सच काढून टाक.’ मी म्हटले, ‘अगं, काढायचं नंतर बघू. आधी ग्राफिक्सच्या जागी काय लिहिलंय ते वाच.’ सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या पानावर ग्राफिक्सपुढे प्रोसेसर कंपनीच्या चिपचे नाव असायला हवे. तिथे होते ‘एलएलव्हीएमपाइप’.

हा शब्द दिसला की निम्मे निदान झाले. याचा अर्थ ग्राफिक्स चिप रिकामी बसली आहे आणि पडद्यावरचा प्रत्येक ठिपका प्रोसेसर स्वतः गणित करून रंगवतो आहे. पंखा त्यामुळेच घोंगावत होता. मग टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली. मशीन सुरू होताना कर्नल जे जे पुटपुटतो ते सगळे ती दाखवते. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरने तिथे स्वच्छ लिहून ठेवले होते की हे उपकरण कर्नलच्या या आवृत्तीत नीट समर्थित नाही, तरी जबरदस्तीने चालवायचे असेल तर ‘फोर्स-प्रोब’ हा पर्याय द्या. इंटरनेटवर नेमका हाच पर्याय उचलून ‘हे टाका, झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी तो टाकू दिला नाही. ड्रायव्हर स्वतःच ‘मला हे अजून जमत नाही’ म्हणत असताना त्याला ढकलण्यात शहाणपण नाही; पडदा काळा पडला की गडबड दुप्पट.

खरा इलाज नवा कर्नल, आणि उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीसाठी तो अधिकृतपणे मिळतो. ‘एचडब्ल्यूई’ नावाचा संच टाकला की झाले. २४.०४साठी असा ६.११ कर्नल फेब्रुवारी २०२५मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये ६.१४. डेबियनवाल्यांना ‘बॅकपोर्ट्स’मधून मिळतो. सोबत ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेजही ताजे हवे, हे बरेच जण विसरतात. नवा कर्नल असूनही चिपला लागणारी फर्मवेअरची फाइल डिस्कवर नसेल, तर ड्रायव्हर दारातूनच परत फिरतो आणि ‘डीमेसेज’मध्ये फाइलच्या नावासकट तक्रार करतो. त्या मुलीच्या मशीनवर दोन्ही टाकले, रीस्टार्ट केले, आणि एलएलव्हीएमपाइपच्या जागी इंटेलचे नाव आले. रॅमला हात लावायची वेळ आली नाही.

एनव्हिडियाचे वेगळे कार्ड असलेल्या मशीनची कथा जरा निराळी. २०१४पासूनच्या, म्हणजे दुसऱ्या मॅक्सवेल पिढीपासूनच्या कार्डांना कंपनीची सही असलेली फर्मवेअर लागू लागली. त्यामुळे ‘नुवो’ हा मुक्त ड्रायव्हर त्यांचा वेग वाढवूच शकत नव्हता. कार्ड ज्या सुस्त वेगावर जागे व्हायचे, तिथेच दिवसभर राहायचे. लिनसने २०१२मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर या कंपनीचा कसा उद्धार केला, तो व्हिडिओ प्रसिद्ध आहे. घरच्यांसमोर लावू नये. पुढे मे २०२२मध्ये कंपनीने कर्नलमध्ये बसणारा आपला भाग खुला केला आणि जानेवारी २०२४च्या ६.७ कर्नलपासून नुवोचीही कोंडी फुटू लागली. तरी आज व्यवहारात कंपनीचा ड्रायव्हर टाकणेच सोयीचे. तो टाकूनही मशीन मंदच राहिले, तर सिक्युअर बूट तपासावे. सही नोंदवलेली नसेल तर कर्नल तो ड्रायव्हर आतच घेत नाही. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारतात आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. तोच सही नोंदवण्याचा पडदा. घाईत लोक तिथे ‘कंटिन्यू’ दाबून पुढे जातात आणि मग आठवडाभर ड्रायव्हरला शिव्या देतात.

ग्राफिक्स ठीक असेल तर पुढचा प्रश्न : प्रोसेसर खरेच कोणत्या वेगाने चालतो आहे? ‘एलएससीपीयू’ कमाल वेग सांगते, पण चालू वेग पाहायला ‘टर्बोस्टॅट’सारखे साधन लावावे लागते. कामाचा भार असतानाही सगळे कोर ४०० मेगाहर्ट्झवर अडकलेले दिसले, तर लिनक्स सोडा आणि चार्जर पाहा. हल्ली यूएसबी-सीमुळे कोणाचाही चार्जर कोणालाही बसतो. ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर लावला, किंवा चार्जरची ओळखच पटली नाही, तर काही मशीनचा बोर्ड प्रोसेसरला ‘थांब, तापलास’ असा खोटा इशारा देऊन वेग पाडतो. मशीन थंडगार असते आणि तरी रांगते. खरी उष्णता असेल तर गोष्ट वेगळी. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत गादीवर ठेवलेला पातळ लॅपटॉप वेग पाडणारच, मग त्यावर कोणतीही सिस्टीम असो.

याच तपासात आणखी एक गैरसमज भेटतो. वेग ठरवणाऱ्या धोरणाच्या जागी ‘पॉवरसेव्ह’ दिसले की लोक दचकतात आणि सगळीकडे ‘परफॉर्मन्स’ करून टाकतात. इंटेलच्या नव्या ड्रायव्हरमध्ये ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे किमान वेग नव्हे. भार आला की तो वेग वाढवतोच. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरमध्ये मात्र तोच शब्द मशीनला तळाला बांधून ठेवतो. म्हणून आधी ड्रायव्हर कोणता ते पाहायचे, मग शब्दाला घाबरायचे. बहुतेकांना वरच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या मेन्यूत ‘बॅलन्स्ड’ निवडले की पुरते.

स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक मेख असते, आणि इथे रॅम वाढवा म्हणणारा चुकून बरोबर ठरतो. आठ जीबीची एकच पट्टी बसवलेली असते, दुसरा खण रिकामा. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ती हीच वाटून घेते. एका पट्टीमुळे मेमरीचा रस्ता निम्माच उघडा राहतो. सारखी दुसरी पट्टी घातली की फरक दिसतो, तो आकड्यापेक्षा रस्ता दुप्पट झाल्यामुळे.

कोण कोणासाठी थांबले आहे, हे न ठरवता औषध शोधणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. डिसेंबर २०१८च्या ४.२० कर्नलपासून ‘प्रेशर’ नावाच्या तीन फाइली मिळतात : प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क. कामे किती टक्के वेळ कशासाठी खोळंबली, याचे दहा सेकंदांचे, मिनिटाचे आणि पाच मिनिटांचे सरासरी आकडे त्यांत असतात. मशीन रखडत असताना त्या तिन्ही उघडून पाहाव्यात. डिस्कचा आकडा फुगला असेल तर ग्राफिक्सच्या मागे धावण्यात अर्थ नाही. तिन्ही शांत असतील आणि ‘टॉप’मध्ये एखादा ‘केवर्कर’, म्हणजे कर्नलचाच कामकरी, सतत एक कोर खात असेल, तर बहुधा बोर्डाकडून इशाऱ्यांचा भडिमार चालू आहे. एसीपीआय इंटरप्टच्या यादीत एकाच ओळीचा आकडा लाखांत गेलेला सापडतो. ती ओळ तात्पुरती बंद करता येते, पण कायमचा इलाज बऱ्याचदा बायोसच्या अपडेटमध्येच असतो.

कधी कर्नल मुद्दामही मंद करतो. ५.१९मध्ये ‘स्प्लिट लॉक’ नावाची वाईट सवय असलेल्या प्रोग्रामना शिक्षा म्हणून वेग पाडायची तजवीज आली. हेतू असा की एका प्रोग्रामच्या चुकीने सगळ्या मशीनचा खोळंबा होऊ नये. त्यात विंडोजचे काही गेम लिनक्सवर खेळणारे सापडले, त्यांचे खेळ चालेनासे झाले. ६.२मध्ये ही शिक्षा बंद करायचे बटण मिळाले.

मशीन आणि लिनक्स जुळवण्याच्या या लढाईचा अनुभव आपल्या राज्यातही आहे. मुंबई आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने सुमारे १०,००० रुपयांतला लिनक्स लॅपटॉप विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचा घाट घातला होता. त्या सुमारास स्वस्त मशीनमध्ये इंटेलच्या अ‍ॅटम चिपा असायच्या. त्यांतल्या ‘बे ट्रेल’ पिढीने लिनक्सवाल्यांना वर्षानुवर्षे छळले. प्रोसेसर गाढ झोपेच्या अवस्थेत गेला की मशीन गोठायचे. त्याला गाढ झोपूच द्यायचे नाही, असा पर्याय कर्नलला देऊन लोक दिवस काढायचे आणि बदल्यात बॅटरी लवकर संपायची. आयआयटीच्याच ‘स्पोकन ट्यूटोरियल’मध्ये लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. ज्याला टर्मिनलची भीती वाटते त्याने तिथून सुरुवात करावी.

जवळचे सांगायचे तर वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप’ आहे, डब्ल्यूएलयूजी. सांगलीत शिकणाऱ्या पोराने मशीन घेऊन आधी तिकडे जावे, हा दुकानात जाण्यापेक्षा चांगला मार्ग. आणि कर्नलच्या आत शिरून दोष शोधायच्या कामात पुण्याचा वाटाही आहे. ‘केजीडीबी’ हे कर्नलचे डीबगर २०००पासून काही वर्षे अमित काळे यांनी आणि पुढे त्यांच्या लिनसिससॉफ्ट कंपनीने सांभाळले. दोन संगणक केबलने जोडायचे आणि एकावरून दुसऱ्याचा कर्नल मध्येच थांबवून त्याच्या पोटात बघायचे. २००८मध्ये, २.६.२६ आवृत्तीत, ते मूळ कर्नलमध्ये दाखल झाले.

नवा कर्नल टाकल्यावर मशीन उलट मंद झाले तर? तेही होते. म्हणून जुना कर्नल लगेच काढू नये; मशीन सुरू होताना ग्रबच्या मेन्यूतून तो निवडून वेग पुन्हा पाहता येतो. जुन्यावर ठीक आणि नव्यावर मंद असे दोनदा-तीनदा दिसले, की तो कर्नलचा दोष आणि तो कळवण्याजोगा आहे. चिकाटी असेल तर ‘गिट बायसेक्ट’ने गुन्हेगार बदलही पकडता येतो. एका आवृत्तीत तेरा-चौदा हजार बदल असतात. दरवेळी उरलेल्यांपैकी अर्धे वगळत गेले, तर चौदाएक वेळा कर्नल बांधून, रीस्टार्ट करून नेमक्या एका बदलापाशी येता येते. मंद मशीनवर यात अख्खी रात्र जाते, पण असे नेमके नाव कळवणाऱ्याला उत्तर लवकर मिळते. कळवताना दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या, पूर्ण ‘डीमेसेज’ आणि मशीनचे मॉडेल द्यावे. बायोसची आवृत्तीही लिहावी, कारण कर्नल लिहिणाऱ्यांकडून उलटा पहिला प्रश्न बहुधा तोच येतो.