सहा छापील पानं आणि एक मुळी

सुरतच्या गोडादऱ्यातल्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. ‘बीपीची गोळी द्या’ हे वाक्य मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत ऐकू येईल. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमच्या आणि मिलच्या कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबं इथे, शेजारच्या लिंबायतमध्ये, डिंडोलीत, उधन्यात कायमची वसली आहेत. पन्नाशी ओलांडलेला माणूस पाकीट खिशात टाकतो आणि चालू लागतो. त्याला त्यात नवल वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वी अशी भरवशाची गोळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाही मिळत नव्हती.

१२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. शेवटच्या तासांत त्यांचा रक्तदाब ३०० च्या वर, खालचा आकडा १९० असा मोजला गेला. वर्षभर आधीच डॉक्टर हॉवर्ड ब्रूएन यांनी त्यांचं हृदय थकत चालल्याचं ओळखलं होतं. हातात उपाय काय होते? हृदयासाठी डिजिटॅलिस, मीठ कमी, सिगारेट कमी, विश्रांती. तेव्हाच्या वैद्यकात वाढलेल्या रक्तदाबावर नुसत्या भाताचा आहार होता, नाहीतर पाठीतल्या नसा कापणारी मोठी शस्त्रक्रिया. वय वाढलं की दाब वाढायचाच, शरीराला त्याची गरजच असते, असं मानणारे नामवंत डॉक्टरही होते.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांचा लेख छापून आला. अकरावा खंड, पान ३५० ते ३५५, म्हणजे जेमतेम सहा पानं. लेखक डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म मुंबईचा, १९११ चा. वैद्यकाचं शिक्षण लंडनमध्ये. नंतर मुंबईत परतून परळच्या केईएम रुग्णालयात हृदयविकारतज्ज्ञ. लेखाचा विषय होता सर्पगंधा.

सर्पगंधा आपल्याकडे कुणाला माहीत नव्हती? कोकणात, सह्याद्रीच्या जंगलात, उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याशी हे झुडूप उगवतं. त्याची मुळी झोप न येणाऱ्याला, डोकं फिरलेल्याला, साप चावलेल्याला देत. वकील यांनी ती शोधली नाही, आणि रक्तदाबावर पहिल्यांदा दिलीही नाही. हिमालया कंपनीच्या ‘सर्पिना’ या सर्पगंधेच्या गोळ्या १९३४ पासून बाजारात होत्या आणि इथले डॉक्टर त्या लिहून देत होते. वकील यांनी केलं ते वरवर पाहता अगदी साधं: पन्नास रुग्ण, प्रत्येकाचे दाबाचे आकडे, औषध सुरू केल्यावर आठवड्यागणिक काय झालं आणि बंद केल्यावर काय झालं, याची नीट नोंद. बहुतेकांचा दाब उतरला. लगेच नाही, हळूहळू. आणि औषध थांबवल्यावरही उतार काही काळ टिकला.

हे ‘हळूहळू’ लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे. त्या मुळीत नेमकं काय काम करतं हे १९४९ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळं केलं, रेसर्पिन. पुढे कळलं ते असं. आपल्या रक्तवाहिन्यांभोवती नसांची टोकं असतात. त्या टोकांत सूक्ष्म पिशव्या असतात आणि पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साठवलेलं असतं. मेंदूचा इशारा आला की ते बाहेर सांडतं, रक्तवाहिनी आवळली जाते, दाब चढतो. पिशवीत हा साठा भरणारं एक वाहक प्रथिन असतं. रेसर्पिन त्यालाच घट्ट चिकटतं आणि निकामी करतं. गच्चीवरच्या टाकीची मोटर बंद पडली तर नळ त्याच क्षणी कोरडे होत नाहीत, साठलेलं पाणी संपेपर्यंत धार चालू राहते. इथेही तसंच: साठा आटत जातो, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब दिवसांदिवसांनी उतरतो. औषध थांबवलं तरी शरीराला नवं वाहक प्रथिन घडवावं लागतं, म्हणून परिणाम रेंगाळतो. केईएमच्या डॉक्टरांनी टिपलेल्या उतरत्या आकड्यांत पेशीच्या आतली ही घडामोड आधीच उमटलेली होती. वाचायची लिपी तेवढी पुढे सापडली.

आता त्या सहा पानांचा प्रवास पाहा. बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी लेख वाचला, सर्पगंधा मागवली आणि १९५० पासून आपल्या रुग्णांना दिली. दाब उतरला, नाडी मंदावली. शिवाय रुग्ण शांत झाले. झोप न आणता येणारी ही शांती त्यांना चकित करून गेली. १९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. हकीम मनोरुग्णांना सर्पगंधा देत असल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली. ती वाचून न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी आपल्या रुग्णालयात प्रयोग केला. वेड्यांची इस्पितळं म्हणजे कुलपं आणि साखळ्या असा जो काळ होता, तो संपायला ज्या औषधांनी सुरुवात केली त्यांत रेसर्पिन होतं. १९५७ चा अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार वकील यांना मिळाला आणि त्याच वर्षी क्लाइन यांनाही: एकाला रक्तदाबासाठी, दुसऱ्याला मनोविकारासाठी.

त्याच १९५७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे अर्विद कार्लसन सशांना रेसर्पिन टोचत होते. ससे निपचित पडले, कान लोंबले, हालचाल थांबली. मग त्यांनी एल-डोपा हे द्रव्य दिलं आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिता केला होता आणि एल-डोपाने तो भरून काढला. कंपवाताच्या रुग्णांना आजही एल-डोपा देतात, त्याचं मूळ या सशांत आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

हृदयाकडे परत येऊ. दाब उतरवता येतो हे ठरलं, पण उतरवल्याने माणूस वाचतो का? हा वेगळाच प्रश्न होता. त्याचं उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दिलं. डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या या अभ्यासात खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. ७३ जणांना तीन औषधं एकत्र दिली, त्यांतलं एक रेसर्पिन. ७० जणांना हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या पोकळ गोळ्या. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर घटना घडल्या २७ आणि औषध घेणाऱ्यांत २. फरक इतका ढळढळीत होता की या गटापुरता अभ्यास मध्येच थांबवावा लागला. ‘काही त्रास होत नाही, मग गोळी कशाला?’ असं विचारणाऱ्या घरच्या माणसाला डॉक्टर जे उत्तर देतात, त्याचा पाया हा आहे.

वकील यांच्या लेखनाचा पसारा सर्पगंधेवर संपत नाही. १९५५ मध्ये त्यांनी ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात या औषधावरच्या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला. १९६१ मध्ये तिथेच त्यांनी छातीत वारंवार कळ येते पण झटका अजून आलेला नाही अशा मधल्या अवस्थेवर लिहिलं. झटक्याच्या आधी रुग्ण हाती लागला तर काय करता येईल, हा त्यांचा ध्यास होता. आज ज्याला अनस्टेबल अँजायना म्हणतात आणि ज्यासाठी रुग्णाला ताबडतोब दाखल करून घेतात, तीच ही अवस्था. गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं रुग्णतपासणीचं पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी घोकलं. १९७४ मध्ये ते गेले.

मग एखाद्या संशोधकाची कारकीर्द मोजायची कशी? सोपा मार्ग म्हणजे शोधनिबंध मोजणं. त्या हिशेबात १९४९ चा लेख म्हणजे फक्त एक आकडा. आजच्या कसोटीला तर तो उतरणारही नाही. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडण्याची रीत तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती. तरीही त्या लेखाने बॉस्टनच्या अनोळखी डॉक्टरला पुरेसं सांगितलं: काय दिलं, कुणाला दिलं, किती फरक पडला. पटत नसेल तर करून पाहा. ‘आमच्याकडे या मुळीने गुण येतो’ हे शेकडो वर्षं लोक सांगत आले होते. पण ते पडताळून पाहायची सोय त्या सांगण्यात नव्हती.

पडताळणी दोन्ही बाजूंनी कापते. रेसर्पिनने काहींचं नाक चोंदतं, काहींना सुस्ती आणि उदासी येते, हेही अशाच छापील लेखांतून पुढे आलं. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडणारे अभ्यास आले आणि पुढच्या अभ्यासांनी तो संबंध टिकू दिला नाही. नवी औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं. मुळीत द्रव्याचं प्रमाण झाडागणिक बदलतं, म्हणून सर्पगंधा घरच्या घरी उगाळून घेणं धोक्याचं. आणि मागणीपायी जंगलातली झाडं इतकी खणली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज निर्बंध आहेत.

पण एक गोष्ट बोचते. वकील यांच्या अठरा वर्षं आधी, १९३१ मध्ये, कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते असं लिहिलं होतं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतलं एक द्रव्य वेगळं काढून हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिलं होतं. हे सारं भारतातल्या नियतकालिकांत छापलं गेलं आणि बरंचसं भारतातच राहिलं. तेव्हा एखाद्या संशोधकाच्या लेखांची यादी समोर आली तर त्यांची संख्या शेवटी पाहावी. आधी विचारावं, हे वाचून दुसऱ्या कुणी काय केलं? आणि कुणीच काही केलं नसेल, तर तो दोष लिहिणाऱ्याचा की न वाचणाऱ्यांचा?